लॉ कॉलेज निवडण्याआधी कोर्ट बघून या

शिरपूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: मुक्त विद्यापीठातून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी सात एकर शेती. वकील व्हायचं आहे, वकिली शिरपूर-धुळ्यातच करायची आहे. तीन वर्षांचं एलएल.बी. पुण्याला करावं की धुळे-जळगावला? इंग्रजी कच्चं आहे, निभेल का? कमाई कधी सुरू होते? आणि काका म्हणतात की मुलीच्या जातीला कोर्टाची पायरी चढणं अवघड, त्यांना काय सांगू?

ताई, मी धुळ्यात चोवीस वर्षं वकिली करतो. बहुतेक कामं दिवाणी: वाटणी, बांध, रस्ता, मनाई, भूसंपादनाची भरपाई. मधली काही वर्षं सकाळच्या तासांना लॉ कॉलेजात शिकवायलाही जात होतो. माझ्या हाताखालून अकरा ज्युनिअर गेले, त्यात चार मुली. त्यांचं काय झालं ते डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे.

सगळ्यात आधी तुमची पदवी. मुक्त विद्यापीठ म्हटल्यावर अनेकांच्या पोटात गोळा येतो. तुम्ही दहावी, बारावी करून मग मुक्त विद्यापीठात बी.ए.ला गेला असाल, तर एलएल.बी.ला अडचण नाही. अडचण येते ती बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवीला बसलेल्यांना. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे ते पात्र धरले जात नाहीत. आपल्याकडे शेतीमुळे, लग्नामुळे बारावी सुटलेल्या बऱ्याच बाया या मार्गाने पदवीधर होतात, आणि प्रवेशाच्या वेळी कागद तपासले गेल्यावर रडतात. म्हणून बारावीची गुणपत्रिका आधी हातात घ्या. पदवीला खुल्या गटाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. शेवटच्या वर्षाला असतानाही राज्याची सीईटी (प्रवेश परीक्षा) देता येते, वयाची वरची अट नाही. पेपर १२० प्रश्नांचा, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

प्रवेश घ्याल तो सीईटी कक्षाच्या केंद्रीय फेरीतूनच घ्या. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आधीपासून आहेच. पण ही माफी केंद्रीय फेरीतल्या प्रवेशाला आहे. संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली की ती हातची जाते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता हे कागद निकाल लागायच्या आत तयार ठेवा. वैधतेला किती महिने लागतील याचा भरवसा नसतो.

आता तुमचा खरा प्रश्न. पुणे की धुळे?

लोक कॉलेजचं नाव बघतात, इमारत बघतात, फी बघतात. मी म्हणतो, कॉलेजपासून कोर्ट किती लांब आहे ते बघा, आणि ते कोर्ट तुम्हाला पुढे जिथे काम करायचं आहे तिथलं आहे का ते बघा. कायद्याची पदवी कुठूनही घेतली तरी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, एकच मिळते. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचं, अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हायचं, संपलं. सनदेवर कॉलेजची टक्केवारी छापलेली नसते आणि पक्षकारही ती विचारत नाही. पक्षकार विचारतो, "मागच्या तारखेला काय झालं?" त्याचं उत्तर देता येणं हे जे शिक्षण आहे, ते कोर्टाच्या आवारात मिळतं. तिथे तीन वर्षं बसलेली मुलगी आणि न बसलेली मुलगी यांत सनद मिळाल्याच्या पहिल्याच आठवड्यात फरक दिसतो.

आपल्याकडच्या अनेक लॉ कॉलेजांचे तास सकाळी असतात आणि कोर्ट त्यानंतर भरतं. ही सोय सोन्यासारखी आहे आणि दहातली आठ पोरं ती वाया घालवतात. तास संपले की एस.टी. पकडून घरी. तुम्ही तसं करू नका. न्यायालय खुलं असतं, अत्याचाराची किंवा बालकांची बंद दाराआड चालणारी प्रकरणं सोडली तर मागच्या बाकावर कोणालाही बसता येतं. पहिले पंधरा दिवस काहीही कळणार नाही. पुकारा होतो, वकील पुढे येतो, दोन वाक्यं बोलतो, तारीख पडते. मग हळूहळू कळायला लागतं की रोजनामा (खटल्याची त्या दिवसाची नोंद) कोण लिहितो, मुदत अर्ज कशाला नामंजूर होतो, पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) केव्हा देतात, समोरच्याचा 'से' (लेखी म्हणणं) म्हणजे काय. 'निशाणी ५' म्हटलं की मनाईचा अर्ज, हे आपल्याकडच्या कुठल्याही दिवाणी कारकुनाला झोपेत माहीत असतं आणि एलएल.बी. पास झालेल्या पोराला माहीत नसतं. पुस्तकात ते कुठेच लिहिलेलं नाही.

बार कौन्सिलनेही हे ओळखलेलं आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष काम करायचं असतं. शिवाय चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत: मसुदे लिहिणं, वकिलीची नीतिमत्ता, तडजोड-मध्यस्थी, आणि अभिरूप न्यायालय (कॉलेजात सरावासाठी भरवलेलं कोर्ट). त्या शेवटच्या विषयात दोन खरे खटले बसून बघायचे आणि त्यांची नोंद लिहायची असते. आणि इथेच आपली पोरं स्वतःला फसवतात. ओळखीच्या वकिलाकडून बारा आठवड्यांचं पत्र आणायचं, गेल्या वर्षीच्या पोराची वही उतरवून काढायची. परीक्षक म्हणून बसलो असताना मी एकाच खटल्याची नोंद नऊ वह्यांत जशीच्या तशी वाचली आहे, आरोपीच्या नावातल्या चुकीसकट. त्या नऊ जणांचं मला फार वाईट वाटलं. आयुष्यात फुकट बघायला मिळणारा खटला त्यांनी बघितला नाही.

हजेरीचंही तसंच. नियम प्रत्येक विषयात ७० टक्क्यांचा आहे. "आमच्याकडे यायची गरज नाही, परीक्षेला या" असं कोणी प्रवेशाच्या वेळी सांगितलं, तर ते कॉलेज तुमच्यासाठी नाही असं समजा. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरी, एकाच वेळी दुसरी पदवी किंवा नोकरी करत नसल्याचं हमीपत्र, आणि गुन्ह्यांची पार्श्वभूमी तपासण्याबद्दल परिपत्रक काढलं आहे. पुढे सनदेच्या वेळी हे प्रश्न येतात. प्रवेशाआधी एक गोष्ट न चुकता करा: कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षापर्यंत आहे का, ते कार्यालयात कागद मागून बघा. मागायला लाजू नका. पत्राद्वारे, घरबसल्या केलेल्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही, जाहिरात कितीही गोड असो.

मग पुण्या-मुंबईला कोणी जावं? ज्याला कंपन्यांचे करार, बौद्धिक संपदा, मोठ्या फर्ममधली नोकरी करायची आहे त्याने जावं. बारावीतच ठरलं असेल आणि इंग्रजी पक्कं असेल तर क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जावं. तिथलं वाचनालय, तिथली चर्चा, तिथले सोबती, यांची बरोबरी आपल्याकडे होत नाही. पण तुम्ही लिहिलं आहे की शिरपूर-धुळ्यातच वकिली करायची. मग पुण्यात तीन वर्षं खोलीचं भाडं भरून तिथल्या कोर्टाची ओळख करून घ्याल आणि परत येऊन इथे पहिल्यापासून सुरुवात कराल. इथला सिनिअर, इथल्या कोर्टाचे कर्मचारी म्हणजे नाझर, बेलीफ, तलाठी कार्यालयातून फेरफाराची नक्कल कशी काढायची, हे सगळं तेव्हा शिकाल. धुळे तुमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. मी धुळं सांगतो. घरून ये-जा करण्यापेक्षा पहिलं वर्ष तरी वसतिगृहात राहा, म्हणजे दुपार कोर्टाला देता येईल.

इंग्रजीबद्दल तुम्ही घाबरून लिहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९९८ पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. दावा, कैफियत, साक्ष, युक्तिवाद, निकाल, सगळं मराठीत होऊ शकतं आणि आपल्याकडे होतंही. सीईटी मराठीतून देता येते, फक्त इंग्रजीचा भाग इंग्रजीत असतो. बार परीक्षाही मराठीतून देता येते. सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निकाल आता मराठीत भाषांतरित मिळतात. तेव्हा इंग्रजी कच्चं म्हणून वकील होता येणार नाही, हे खरं नाही. पण धुळे, जळगाव, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात आणि तिथलं काम इंग्रजीत चालतं. अपील गेलं की औट्रम घाट चढून फाईल तिकडे जाते, आणि तिकडच्या वकिलाला इंग्रजीत टिपण पाठवावं लागतं. ते टिपण लिहिण्याइतकं इंग्रजी तीन वर्षांत यायला हवं. त्यासाठी रोज मूळ कायद्याचं एक पान, इंग्रजी प्रत आणि शेजारी मराठी प्रत ठेवून, वाचायचं. गाइड नाही, मूळ कायदा. गाइडवर पेपर सुटतो, पण 'शॅल' (केलंच पाहिजे) आणि 'मे' (करता येईल) यातला फरक ज्याला मूळ कलमात दिसत नाही, त्याला कोर्टात दिसणार नाही.

आणि एक गोष्ट जी पुण्यातलं कोणतंच कॉलेज देणार नाही. ज्युनिअर होतो तेव्हा एका तालुक्याच्या कोर्टात वाटणीचा दावा चालू होता. साक्षीला सत्तरीची आजी, बोलणं सगळं अहिराणी. तिने सांगितलं की शेत नवऱ्याने आंडेरच्या नावावर करायचं ठरवलं होतं. टंकलेखक बाहेरच्या जिल्ह्यातला. त्याने टंकलं 'मुलाच्या'. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, एका कान्याचा फरक. आमचा दावाच मुलीच्या हिश्श्याचा होता. साक्ष वाचून दाखवताना माझ्या लक्षात आलं, मी सिनिअरच्या कानात सांगितलं, त्यांनी उठून दुरुस्ती मागितली आणि न्यायाधीशांनी आजीला पुन्हा विचारून ती करून घेतली. ते वाक्य तसंच राहिलं असतं तर उलटतपासात आमचं काय झालं असतं, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. तुम्हाला अहिराणी येते. शहादा-तळोद्याकडच्या मुलींना भिली, पावरी येते. कॉलेजात ही भाषा दडवून ठेवायची सवय लागते, ती लावून घेऊ नका. सातपुड्यातल्या वनहक्काच्या दाव्यांत, आदिवासी जमिनीच्या बेकायदा हस्तांतराच्या प्रकरणांत, पक्षकाराची हकीकत त्याच्या भाषेत ऐकून घेणारे वकील आजही कमी पडतात.

अभ्यास म्हणजे काय करायचं, तेही थोडं सांगतो. कलमं पाठ करणं म्हणजे कायदा शिकणं, असं सगळ्यांना वाटतं. तुमच्या घरचंच उदाहरण घ्या. वडिलांची सात एकर जमीन वडिलोपार्जित असेल तर तुमचा हिस्सा किती? एक जण सांगेल, हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती आहे, मुलीला मुलाइतकाच हक्क. दुसरा सांगेल, ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असले तरच. तिसरा १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती काढेल आणि विचारेल, लग्न कधी झालं? मग सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा निकाल येतो: हक्क जन्माने मिळतो, त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. पण २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी होऊन वाटणी झाली असेल तर ती उघडता येत नाही. आता उत्तर बदललं. मग प्रश्न येतो की सातबाऱ्यावर भावांची नावं लागली तो फेरफार म्हणजे वाटणी का? एका घराच्या सात एकरांतून हिंदू वारसा कायदा, जमीन महसूल, नोंदणी आणि पुरावा असे चार विषय निघतात. प्रत्येक विषय असा आपल्या गावातल्या एखाद्या तंट्याला लावून वाचा, मग तो विसरत नाही.

फौजदारीला सध्या दुहेरी ओझं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. खुनाचं ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. पण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच दंड संहितेखाली अजून कित्येक वर्षं चालतील. कॉलेजात नवीन शिकाल, सिनिअरच्या कपाटात जुनं असेल. दोन्हीचा तक्ता स्वतःच्या हाताने करा, विकतचा घेऊ नका.

कमाईचं खरं सांगतो, कारण यावरून घरात भांडणं होतात. सनद हातात आल्यावर पहिली तीन वर्षं घरचा आधार लागेल असं धरून चाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने ज्युनिअरला शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावेत अशी शिफारस केली, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुतेक ज्युनिअरना त्याहून खूप कमी मिळतात, काहींना सुरुवातीला फक्त गाडीचं पेट्रोल. हे बरोबर नाही असं माझं ठाम मत आहे. माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या महिन्यापासून काहीतरी दिलं, कारण पैसे न मिळणारा ज्युनिअर गरिबाघरचा असेल तर सहा महिन्यांत पळतो आणि मग या धंद्यात फक्त वकिलांचीच पोरं उरतात. सिनिअर निवडताना हा प्रश्न तोंडावर विचारा. त्यासोबत हेही विचारा की वर्षभरात स्वतः उभं राहून किती अर्ज चालवायला मिळतील. चौथ्या-पाचव्या वर्षी बँकांचे सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या मालकीची तपासणी), धनादेश न वटल्याची १३८ ची प्रकरणं, मोटार अपघाताचे दावे, यांतून घर चालायला लागतं. कापूस-केळीच्या व्यापारामुळे आपल्या भागात १३८ ची कामं कधी आटत नाहीत. सनदेच्या नोंदणी फीबद्दलही कान उघडे ठेवा: जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या फीपेक्षा जास्त घेता येणार नाही. ती खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे. त्याआधी पोरं यासाठी कर्ज काढत होती.

न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २० मे २०२५ चा निकाल लक्षात ठेवा. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला आता तीन वर्षांची वकिली लागते, ती बार परीक्षेआधीच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात. कॉलेज सोडल्या सोडल्या पुण्यात क्लास लावून न्यायाधीश होण्याचा रस्ता बंद झाला. म्हणजे ती तीन वर्षं कोणत्या कोर्टात काढायची, हा प्रश्न आणखी मोठा झाला.

आता काका. त्यांना सांगा की प्रतिभाताई पाटील देशाच्या राष्ट्रपती झाल्या, त्याच्या कितीतरी आधी त्या जळगावच्या कोर्टात वकील म्हणून उभ्या राहत होत्या, आणि १९६२ साली विधानसभेत गेल्या. साठ वर्षांपूर्वी खान्देशात जे झालं ते आज अवघड कसं? पण काकांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती मी लपवणार नाही. अनेक तालुका कोर्टांत महिला वकिलांना बसायला धड जागा नाही, स्वच्छतागृहाची सोय नाही, आणि पहिली दोन वर्षं पक्षकार मुलीला सोडून तिच्या शेजारच्या मुलाशी बोलतो. माझ्याकडच्या चौघींपैकी एकीने याच कारणाने वकिली सोडली आणि मला ते अजून लागतं. बाकी तिघी टिकल्या. त्यांतली एक आता कौटुंबिक प्रकरणांत धुळ्यातल्या पहिल्या पाच नावांत आहे, आणि तिच्याकडे येणाऱ्या बाया सांगतात की जे पुरुष वकिलाला सांगता आलं नाही ते तिला सांगितलं.

सीईटीचा फॉर्म भरण्याआधी एवढं करा. पुढच्या सोमवारी काकांनाच सोबत घेऊन शिरपूरच्या कोर्टात जा. अकरा वाजता मागच्या बाकावर बसा, दुपारच्या सुट्टीपर्यंत उठू नका. मग बार रूममध्ये ज्या कोणी वकील बाई भेटतील त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोला, आणि त्या बोलण्यात काकांनाही बसवा.